सातची गोळी

साडेसहालाच ह्यांना जाग आलेली असते, पण उठता येत नाही. आदल्या संध्याकाळच्या गोळीचा अंमल कधीच सरलेला असतो आणि अंग लाकडासारखं झालेलं असतं. सातच्या ठोक्याला मी पाठीशी दोन उशा लावून गोळी देते, वर ग्लासभर पाणी. मग दोघंही वाट बघत बसतो. कधी अर्धा तास लागतो, कधी तास. आधी उजव्या हाताची मूठ सैल पडते, मग खांदा उतरतो, आणि मग ते आपल्या हाताने पांघरूण बाजूला सारतात. “लागली,” म्हणतात. म्हणजे गोळी लागली. आमच्याकडे दिवस तेव्हा उजाडतो.

हे साताऱ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं पी.टी.चे सर होते. सव्वीस जानेवारीला ह्यांचं ‘सावधान’ मैदानापलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बँकेतून चेक परत आला. सही जुळत नव्हती. दुसराही आला. सही सुरुवातीला बरी आणि शेवटाकडे मुंगीएवढी होत गेलेली. आम्ही चष्म्याचा नंबर तपासून आणला. त्याच्याही आधीपासून फोडणी करपली तरी ह्यांना वास येत नव्हता, झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. हे सगळं एकाच माळेतलं आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी बोटं एकमेकांवर आपटायला लावली, बाहेरच्या बोळातून चालवलं, आणि चालताना उजवा हात हलत नाही हे त्यांनी मला दाखवलं. चाळीस वर्षं ज्या माणसासोबत चालले, त्याचा हात हलायचा थांबलाय हे मला दिसलं नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं. हा पार्किन्सनचा आजार मुख्यतः असा बघूनच ओळखतात. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्यावर पहिला निबंध लिहिला तो सहा जणांवरून, आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यावर चालताना पाहिलेले होते.

मेंदूच्या आत खोलवर काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. हातपाय ठरल्यासारखे, सहज हलायला ते लागतं. त्या पेशी मरत जातात, आणि कंप दिसायला लागेपर्यंत त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. गोळीतल्या लेव्होडोपाचं मेंदूत जाऊन डोपामीन होतं. सोबतचं कार्बिडोपा त्याला वाटेत वाया जाऊ देत नाही. पण आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायची त्याची वाट प्रथिनांचीही आहे. दूध, डाळ, अंडं गोळीच्या जोडीने पोटात गेलं की गोळी मागे पडते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, आणि उसळ, पनीर रात्रीच्या जेवणात. सात, अकरा, तीन, सात, अशा चार वेळा. अलीकडे चार तास भरायच्या आतच अंमल उतरतो, पाय जड होतात. शेजारच्या काकूंनी प्रेमाने खाजकुयलीच्या बियांची पूड आणून दिली होती. डॉक्टर म्हणाले, त्या बियांत लेव्होडोपाच असतं, तेव्हा मनाने घेतलं तर सगळा हिशेब चुकेल. पूड फडताळात तशीच आहे.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ह्यांना दोन रात्री दवाखान्यात ठेवलं. ह्यांच्या गोळ्या वॉर्डात जमा करून घेतल्या आणि सकाळी नवाच्या फेरीत, सगळ्यांबरोबर दिल्या. मी सातपासून तीनदा सांगून आले. “वॉर्डाचं टायमिंग असतं, मावशी,” एवढंच उत्तर. नऊला ह्यांना घोट गिळवेना. जबडा आवळलेला, कपाळावर घाम, आणि डोळे माझ्यावर लागलेले. सगळं मार्गी लागायला दुपार झाली. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. ह्या गोळीला दोन तासांचा उशीर म्हणजे माणूस आपल्याच अंगात कोंडला जाणं, हे वॉर्डात ठाऊक असायलाच हवं. आता ठळक अक्षरांत वेळा लिहिलेला कागद ह्यांच्या खिशात असतो, आणि एक माझ्या पर्समध्ये.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे न्हाणीघराचं दार. खोलीतून नीट चालत येतात आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे जातं, पावलं जागच्या जागी. पहिल्या वर्षी मी हात धरून ओढायची, आणि एकदा दोघंही पडलो. ओढायचं नसतं. गंमत म्हणजे हेच पाय जिना सरळ चढतात, कारण समोर पायरी दिसते. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीने हे आपल्या नात्यातल्या माणसाच्या बाबतीत पाहिलं आणि त्यांच्यासाठी सपाट जमिनीवर जिन्याचं चित्र अंथरलं. ते त्यावरून चालत गेले. मी दारात लाल चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारल्या, वीतभर अंतराने. आता पाय अडले की आम्ही दोघं थांबतो. एक श्वास. “रेघ बघा,” मी म्हणते, आणि मग त्यांचीच आज्ञा देते, “कदम ताल!” गुडघा वर येतो, टाच रेघेपलीकडे पडते. “एक, दोन, एक, दोन.” कधी चौथ्या रेघेवर ते माझ्या आवाजात आवाज मिसळतात. त्यांचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरलाय.

मग शर्ट. पाच गुंड्या, पंधरा मिनिटं. पहिली गुंडी काजापर्यंत येते, कडेवर अडते, घसरते, पुन्हा येते. माझे हात शिवशिवतात. मी भाजी निवडायला घेते, म्हणजे हात गुंतून राहतात. फक्त कॉलरची गुंडी माझ्याकडे, असं आमचं ठरलंय. तेवढ्यासाठी ते हनुवटी वर करून उभे राहतात. चेहऱ्यावर काही उमटत नाही. नातीला आधी वाटायचं, आजोबा रागावलेत. आता ती त्यांचा अंगठा धरते. अंगठा दाबला गेला की आजोबा हसले, असं तिचं तिने ठरवलंय.

रात्री कूस बदलता येत नाही. गादीवर कमरेखाली माझी एक जुनी गुळगुळीत साडी घातलीये, त्यावर अंग सरकतं. हाक ऐकू येत नाही म्हणून उशाशी रिमोटची बेल बांधलीये. काल तीनला वाजली. मी उठून त्यांचे गुडघे वाकवले, डावा हात छातीवरून पलीकडे घेतला. “एक, दोन, तीन.” वळले. मी पांघरूण नीट करत होते, तेवढ्यात काहीतरी पुटपुटले. कान जवळ नेला.

“तुझी झोप होत नाही गं.”

“होते,” म्हटलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. सातला अजून जवळजवळ चार तास होते.