मुरमाचा रस्ता आणि सायकलची हवा

बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूने, समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर सायकलीला प्रवेश नाही. सायकलीचे खरे रस्ते म्हणजे गावातून शेताकडे जाणाऱ्या पांदणी, शिवरस्ते आणि मुरूम टाकून दाबलेल्या वाटा. अशा वाटांनी दोन-तीन मित्र मिळून लोणारला जावे, एक रात्र मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असे पुष्कळांच्या मनात येत असेल. त्यासाठी सायकल कशी तयार करावी, हा आजचा विषय आहे. नवी सायकल घ्यावी लागत नाही. घरातली साधी काळी सायकलही पुरते. फक्त तिच्यामागचे पदार्थविज्ञान समजून घ्यावे लागते.

मला ते जरा महाग पडून समजले. १९९७ सालच्या डिसेंबरात, मी अकरावीत असताना, आम्ही तिघे मेहकरहून लोणारला निघालो. अंतर सुमारे २५ किलोमीटर. "रस्ता खराब आहे, हवा कडक भरून घे," असा सल्ला निघताना मिळाला आणि मी तो तंतोतंत पाळला. टायर अंगठ्याने दाबला जाईना, इतकी हवा भरली. वाटेत हौसेने पांदणीला लागलो. एका उतारावरच्या वळणावर सुट्या मुरमात माझे पुढचे चाक सटकले आणि माझे मनगट मोडले. मागून येणाऱ्या मित्राच्या सायकलीत दोन आठवडे हवा भरलेली नव्हती. तो त्याच वळणावरून आरामात गेला. त्याची हवा कमी आणि तरी तो पडला नाही, हे असे का झाले?

चाक हवेत असेल तर

सायकल पुढे जाते, वळते आणि थांबते, ती टायर व जमीन यांच्यातील घर्षणामुळे. चाक जमिनीवरून उडाले, तर तेवढ्या क्षणापुरते घर्षण शून्य होते. मग हँडल वळवून किंवा ब्रेक दाबून काहीच उपयोग नसतो. डांबरी रस्त्यावर चाक क्वचित उडते. मुरमाच्या रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर उडी मारतो. माझे चाक वळणावर असेच अर्धा वेळ हवेत होते. म्हणून खडबडीत रस्त्यासाठी सायकल तयार करायची म्हणजे चाक जास्तीत जास्त वेळ जमिनीला टेकलेले राहील, अशी व्यवस्था करायची. बाकीच्या गोष्टी यातूनच निघतात.

या उड्यांमध्ये श्रमही वाया जातात. समजा, स्वाराचे वजन ५० किलो, सायकलीचे २० किलो आणि सामानाचे १० किलो, म्हणजे एकूण ८० किलो आहे. यातला साधारण ६० टक्के भार, म्हणजे ४८ किलो, मागच्या चाकावर येतो. मागचे चाक १ सेंटिमीटर उंचीच्या खड्यावर चढले, तर हा भार तेवढा वर उचलावा लागतो. त्यासाठी ४८ × ९.८ × ०.०१ म्हणजे सुमारे ४.७ जूल ऊर्जा लागते. दर मीटरला असा एक खडा आला, तर हे ४.७ न्यूटन जादा विरोधासारखेच झाले. सपाट डांबरी रस्त्यावर अशी सायकल नुसती लोटत ठेवायला ६ ते ८ न्यूटन बल पुरते, हे लक्षात घेतले म्हणजे ही भर किती मोठी आहे ते कळेल. खड्यावरून उतरताना यातली काही ऊर्जा परत मिळते. पण बरीचशी अंगाच्या आणि सामानाच्या हादऱ्यांत उष्णता होऊन निघून जाते.

टायर थोडा मऊ असेल, तर खडा टायरमध्ये रुतून बसतो आणि आस जवळजवळ त्याच उंचीवर राहते. हवेच्या टायरचा जन्मच यासाठी झाला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, पण ते मागे पडले. १८८८ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून असा टायर पुन्हा बनवला. लोक हसले. पण पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने त्या टायरवर शर्यती जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले.

हवा मोजायची कशी?

मग हवा किती ठेवावी? आपल्या साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हला दाबमापक नीट बसत नाही, म्हणून दुकानदार अंगठ्याने दाबून अंदाज घेतात. आपण मात्र आलेख-कागदावर दाब मोजू शकतो.

टायर जमिनीला जेथे टेकतो, तेथे त्याचा थोडा भाग सपाट होतो. या सपाट भागावर आतली हवा जो दाब देते, त्यावरच चाकाचा भार तोललेला असतो. म्हणजे,

दाब = चाकावरील भार ÷ टेकलेले क्षेत्रफळ

प्रयोग असा करा. मागचे चाक वजनकाट्यावर आणि पुढचे चाक तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवा. सामान बांधून स्वाराला बसवा आणि दोघांनी सायकल सरळ धरा. काट्यावर मागच्या चाकाचा भार कळेल. मग टायरला ओली काव लावा, चाक सरळ खाली आलेख-कागदावर टेकवा, स्वाराला बसवा, उतरवा आणि चाक सरळ वर उचला. कागदावर लांबट अंडाकृती ठसा उमटेल. नक्षीमधल्या रिकाम्या जागा धरून बाहेरच्या रेषेच्या आतले चौरस मोजा. पुढच्या चाकासाठीही हेच करा.

मागचा भार ४८ किलो आणि ठसा १२ चौरस सेंटिमीटर आला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो, म्हणजे दुकानातल्या भाषेत सुमारे ५७ पौंड. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून हे उत्तर खऱ्या दाबापेक्षा किंचित जास्त येते. आपल्या कामाला ते पुरेसे आहे. हा दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा जेवढा जास्त आहे, तेवढाच आहे. असे का, याचा विचार तुम्हीच करा.

दीड इंची टायरला वरील भारासाठी मुरमावर मागे अडीच किलो (३५ पौंड) आणि पुढे दोन किलो (२८ पौंड) दाब ही चांगली सुरुवात आहे. मागचा ठसा १९ आणि पुढचा १६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. यापेक्षा फार कमी हवा ठेवली, तर दगडावर टायर पूर्ण चेपतो आणि ट्यूब दगड व रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. मग ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. शिवाय फार मऊ टायर सतत चेपत-फुगत राहतो आणि त्यातही ऊर्जा खर्च होते. योग्य दाब या दोन टोकांच्या मध्ये असतो.

तुमच्या रस्त्याचा योग्य दाब तुम्हीच शोधा. एका छोट्या उतारावर खूण करा. तेथून पायडल न मारता सायकल सोडा आणि ती पुढच्या सपाट मुरमावर किती दूर जाते, ते मोजा. ४, ३ आणि २ किलो दाबाला प्रत्येकी पाच वेळा मोजून सरासरी काढा. स्वार तोच ठेवा. मग हाच प्रयोग डांबरी रस्त्यावर करा. दोन्ही ठिकाणी एकच दाब सर्वांत चांगला ठरतो का, ते वहीत लिहा.

चढ, उतार आणि ओझे

आता दातांचा हिशेब. आपल्या सायकलीला पुढे बहुधा ४४ आणि मागे १८ दात असतात. पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरते. ५ टक्के चढावर आपल्या ८० किलोंना सुमारे ३९ न्यूटन आणि खडबडीत रस्त्यासाठी आणखी ११, असे ५० न्यूटन बल लागते. चाकाची त्रिज्या ३५.५ सेंटिमीटर आणि क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर धरली, तर पायडलवर सरासरी २५५ न्यूटन, म्हणजे २६ किलोंचा जोर द्यावा लागतो. मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवले, तर हा जोर २१ किलोंवर येतो. त्यासाठी साखळीत एक कडी वाढवावी लागते. फुकट काहीच मिळत नाही, पाय तेवढेच जास्त वेळा फिरवावे लागतात. पण जोरात धसका देऊन पायडल मारले, की मागचे चाक मुरमात घसरते. हलक्या, सारख्या जोराने ते जमीन धरून राहते.

उतारावर उलटा प्रश्न येतो. राजूर घाटासारख्या उतारावर १०० मीटर खाली उतरलात, तर ८० × ९.८ × १०० म्हणजे ७८,४०० जूल ऊर्जा कोठेतरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेने पाव लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल! काही भाग हवा घेते. सावकाश उतरताना बाकीचा ब्रेकच्या रबरांना आणि रिमला पेलावा लागतो. म्हणून निघण्यापूर्वी रबरे झिजलेली नाहीत ना, हे पाहा. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. वळणात टायरची सगळी पकड वळण्यासाठी लागते.

सामानाबाबत दूधवाल्यांना गुरू करा. त्यांचे कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसेच्या जवळ, सारख्या वजनाचे लटकलेले असतात. गुरुत्वमध्य खाली राहतो आणि सायकल डुलत नाही. पिशवी हँडलला अडकवू नका. ती झोके घेते आणि पुढचे चाक भलतीकडे वळवते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सामान ताणून बांधा, म्हणजे ते सायकलीबरोबर हलेल, वेगळे नाही. लोंबणारे टोक ठेवू नका, ते आऱ्यांत जाते.

एका मुक्कामाला एक चादर, एक जादा कपडा, बॅटरी, खाणे आणि दोन-तीन लिटर पाणी पुरते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे हिशेबात धरा. पंप, सोल्यूशन, ठिगळे, कानस, पाने आणि एक जादा ट्यूब घ्यायलाच हवी, कारण आपल्या पांदणींवर बाभळीचे काटे कोणाला सोडत नाहीत. मागे लाल परावर्तक लावा आणि अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचा. पावसाळ्यात जाऊ नका. ओली काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक जागीच अडकवते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची मोठी शर्यत भरते. असल्या रस्त्यांसाठी आता खास सायकली मिळतात. त्यांची किंमत लाखांत जाऊ शकते आणि टायर बहुधा ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद असतो. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर आहे. तीही खराब रस्त्यांसाठीच घडलेली आहे.

लोणारला पोहोचलात, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या काठावर उभे राहा. उल्का जेथे आदळली तो खडक बेसाल्ट. दिवसभर तुमच्या टायरखाली आलेला मुरूम म्हणजे तोच बेसाल्ट, झिजून भुगा झालेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा हात गळ्यात बांधलेला होता. तुम्ही दोन्ही हात मोकळे ठेवून पाहा.