शिरूरचा ‘सत्पुरुष’

ख्रिस्ती धर्मस्थळांचा इतिहास लिहावयाचा तर प्रार्थनामंदिराचीं दप्तरें पाहावीं, असा युरोपांतील परिपाठ आहे. नॉर्वे-स्वीडनकडील ल्यूथरपंथी लोकांच्या लाकडी प्रार्थनामंदिरांची हकीकत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींवरून जुळवितां येते. पुणें जिल्ह्यांतील शिरूर येथें मात्र एक ख्रिस्ती स्थळ असें आहे कीं, त्याची खरी हकीकत अशा दप्तरांबाहेर, कुणब्याच्या नैवेद्यांत सांपडते. तें स्थळ म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस याचें थडगें.

वॉलेस हा ७४ व्या पलटणीचा अधिकारी. असईच्या लढाईंत (२३ सप्टेंबर १८०३) वेलस्लीच्या हाताखालीं एका ब्रिगेडचें आधिपत्य त्याच्याकडे होतें. पुढें ऑक्टोबर १८०४ मध्यें त्यानें होळकरांचें चांदवड घेतलें. वसईच्या तहानें (३१ डिसेंबर १८०२) पेशव्यांच्या मुलखांत आलेल्या तैनाती फौजेची छावणी घोडनदीच्या कांठीं शिरूरास पडली. तेथेंच वॉलेस १८०९ त वारला. कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कोरेगांवकडे निघाला तो ह्याच छावणींतून, हें वाचकांस ठाऊक आहेच.

आतां पुढील प्रकार पाहावा. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत असें नमूद आहे कीं, थोडे ब्राह्मण व मारवाडी वाणी सोडले तर शिरूर व भोंवतालच्या गांवांतील सर्व हिंदू लोक ह्या थडग्याची पूजा करीत, सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य आणीत, व वॉलेसास ‘सत्पुरुष’ म्हणत. मृत्यूनंतर शहात्तर वर्षांनीं ही नोंद झाली. म्हणजे पूजा करणारांपैकीं बहुतेकांनीं त्याला पाहिलेंहि नव्हतें. होळकरांचा किल्ला घेणारा परका सेनापति मराठी कुणब्यास पूज्य व्हावा, हें नवल खरें. पण नांव नीट पाहावें. ‘सन् पुरुषः सत्पुरुषः’ हा साधा कर्मधारय आहे. त्यांत जात नाहीं, पंथ नाहीं, देशहि नाहीं. लोकांनीं शब्द अचूक निवडला, असें आम्हांस वाटतें.

ह्याच शिरूरास पुढें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें झालें. १८१३ त मुंबईस व १८३१ त अहमदनगरास आलेली ही मंडळी मूर्तिपूजा सोडा म्हणून उपदेश करी, आणि वेशीबाहेर त्यांच्याच धर्माच्या एका गृहस्थास नैवेद्य चढत असे!

हें सर्व सांगण्याचें कारण निव्वळ कौतुक नव्हे. गांवखर्चाच्या यादींत अगर खासगी टिपणांत ‘सत्पुरुषास नैवेद्य’ असा मजकूर आला म्हणजे आपण डोळे मिटून एखादा गोसावी किंवा वारकरी कल्पितों, व समाधि शोधूं लागतों. शिरूरच्या भोंवतीं हें अनुमान धोक्याचें आहे. तेथें तो शब्द इंग्रज फौजेच्या कर्नलाचा वाचक असूं शकतो; संदर्भ पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये. उलट, १८०९ पूर्वींच्या कागदांत तो आल्यास वॉलेसाचा संबंध आपोआप तुटतो, व कोणी दुसरा पुरुष शोधणें प्राप्त होतें.

घोडनदीकांठचीं व खालीं भीमेकांठीं दौंडाकडचीं कुलकर्णी दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं हा शब्द आढळल्यास गांव, तिथि व खर्चाची रक्कम हीं तिन्ही टिपून घ्यावीं, आणि रुमाल लावतांना तो बंद ‘देवस्थान’ म्हणून मूळ बाडापासून वेगळा काढूं नये.