भाषण शिकवणारे कान

१ ऑगस्ट म्हणजे लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. त्या सकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत भाषणं होतात. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ अशी सुरुवात होते, पुढे शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते, आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ म्हणत मूल धावतच जागेवर जाऊन बसतं. कित्येकांचं व्यासपीठाशी नातं अशाच एखाद्या सकाळी जुळतं किंवा तुटतं. मधलं एक वाक्य आठवत नाही, समोर कुणीतरी हसतं, आणि ती धास्ती पुढे नोकरीच्या मुलाखतीत, ऑफिसच्या बैठकीत, अगदी सोसायटीच्या सभेतही पाठ सोडत नाही.

अशा मुलाला आपण ‘धीट नाही’ म्हणून मोकळे होतो. खोट बहुतेक वेळा तयारीत असते. भाषण बाईंनी किंवा आईने लिहून दिलेलं, हल्ली मोबाइलवरून उतरवून घेतलेलं. मुलाने पाठ केलेले असतात ते नुसते शब्द. एक शब्द निसटला की पुढचं सगळंच जातं, कारण आपल्याला काय सांगायचंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. जाणते शिक्षक कागद हातात देण्याआधी विचारतात, ‘टरफलं तू टाकली नसतीस आणि सर म्हणाले असते उचल, तर तू काय केलं असतंस?’ त्यावर मूल जे तावातावाने बोलतं, तेच त्याचं भाषण. मग त्यातून तीन-चार मुद्दे निघतात, पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं होतं, मधलं दर वेळी थोडं वेगळं बोललं गेलं तरी काही बिघडत नाही.

भीतीचा दुसरा भाग शरीराचा आहे. लोकांसमोर उभं राहताच छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्या वर चालू लागतो. एवढ्याशा श्वासात वाक्य पुरं होणार नाही, म्हणून बोलणं भरधाव सुटतं. मराठीत तर क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. श्वास संपला की नेमकं तेच गिळलं जातं, आणि वक्ता ‘आहे’ म्हणाला की ‘नाही’, हे मागच्या रांगेला कळत नाही. म्हणून सरावाची सुरुवात पोटापर्यंत श्वास घ्यायला शिकण्यापासून व्हावी. हातवारे आणि आवाजातले चढउतार त्यानंतर.

श्वासाच्या या कामाचं एक ठळक उदाहरण ब्रिटनच्या राजघराण्यातलं आहे. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्ब्लीतल्या साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाला ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे राजे सहावे जॉर्ज, बोलायला उभे राहिले. तोतरेपणामुळे ते भाषण त्यांना आणि ऐकणाऱ्यांनाही फार जड गेलं. पुढच्या ऑक्टोबरात ते लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर लायनेल लोग यांच्याकडे गेले. लोग मूळचे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते वक्तृत्व शिकवत, आणि पहिल्या महायुद्धाच्या धक्क्याने वाचेवर परिणाम झालेल्या सैनिकांना त्यांनी बोलतं केलं होतं. त्यांनी ड्यूकना रोजचा श्वासाचा व्यायाम लावून दिला, उघड्या खिडकीपाशी उभं राहून मोठ्याने स्वर म्हणायला लावले. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरातलं संसदभवन खुलं करताना ड्यूकचं भाषण नीट पार पडलं. २०१० च्या ‘द किंग्ज स्पीच’ या चित्रपटामुळे हे यश १९३९ मध्ये मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागलं होतं.

मला त्यापुढची वर्षं अधिक मोलाची वाटतात. लोग त्यांची भाषणं आधी वाचत, अडणारे शब्द बदलून घेत, कुठे थांबायचं त्याच्या खुणा करत. ३ सप्टेंबर १९३९ च्या युद्धाच्या भाषणावेळी ते राजाच्या खोलीत हजर होते. नाताळचं भाषण लोग जवळ नसताना राजाने प्रथम केलं ते १९४४ मध्ये, पहिल्या भेटीनंतर १८ वर्षांनी. इतका काळ कुणीतरी लक्षपूर्वक ऐकत राहिलं. (तोतरेपणासाठी आज वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, तिथे वक्तृत्वाच्या वर्गावर विसंबू नये.)

लोग यांच्या त्या खुणा प्रत्येक वक्त्याला उपयोगी आहेत. नवशिक्याला थांबण्याचं भय वाटतं, म्हणून तो प्रत्येक फट ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्चुअली’ यांनी बुजवतो. हे त्याला स्वतःला ऐकू येत नाही. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या टोस्टमास्टर्सच्या सभांत असे शब्द मोजायला एक माणूस नेमलेला असतो. दुसरा वेळ पाहतो आणि हिरवा, पिवळा, लाल असे इशारे देतो. तिसरा भाषणाचं मूल्यमापन करतो, तेही त्याच सभेत. ‘छान बोललात’ एवढ्याने कुणी सुधारत नाही. ‘दुसऱ्या मुद्द्याला तुम्ही खाली पाहायला लागलात’ असं कुणी सांगितलं की पुढच्या वेळी निदान तिथे मान वर राहते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. व्याख्यान ऐकण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे. बोलायला शिकवण्याची सोय मात्र बहुतेकांसाठी शाळेच्या फिरत्या करंडकापाशीच संपते. ही कमतरता मला खरोखर सलते, कारण ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडणाऱ्या बाईला या शिकवणीची गरज स्पर्धकापेक्षा कितीतरी जास्त आहे.

वर्ग निवडायचा असेल तर जाहिरातीतल्या ‘आत्मविश्वासा’कडे पाहू नये. तुकडीत किती जण आहेत, प्रत्येकाला दर वेळी किती मिनिटं बोलायला मिळतं, आणि बोलून झाल्यावर काय सांगितलं जातं, हे आधी विचारावं. आठ-दहा जण असतील तर तासाभरात प्रत्येकाला उभं राहता येतं. पन्नास जणांसमोर सरच दोन तास बोलत असतील, तर शिकणाऱ्याला वेळ उरत नाही. आणि वर्ग परवडत नसेल तर मोबाइलवर स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, घरातल्या कुणाला तरी समोर बसवून ऐकावं, आणि आपली क्रियापदं नीट ऐकू येतात का, एवढंच त्या दिवशी तपासावं.