चिंचेवर चढण्याआधी दोर पाहा

होळी जवळ आली की आपल्या मंगरूळपीर भागात धुऱ्यावरच्या चिंचा उतरवायला येतात. तूर घरात आलेली असते, हात जरा रिकामे असतात. मग घरातला एखादा तरणा गडी झाडावर चढतो आणि बाया खाली पाल धरून उभ्या राहतात. चिंचेचे लाकूड चिवट, म्हणून आपण निर्धास्त असतो. (शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्यांवर मात्र असा भरवसा कधीच टाकू नका.)

मागे एका गावी मी जो अपघात पाहिला, त्यात फांदीचा दोष नव्हता. गड्याने कमरेला दोर बांधला होता, म्हणजे त्याच्या मते काळजी घेतलीच होती. पण तो दोर दोन उन्हाळे गोठ्याच्या छपरावर पडलेला, निळा, प्लास्टिकचा. पाय सुटला, हिसका बसला आणि दोर तुटला. मणका दुखावला. ते घर आज आपली जमीन बटईने देते.

बाजारात मिळणारा तो चकचकीत दोर पॉलिप्रोपिलीनचा असतो. ताडपत्री बांधायला चांगला, पण उन्हाने तो कुजतो. हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. शिवाय १६५ अंशांच्या आसपास तो वितळतो, म्हणजे जोराच्या घासणीतही लिबलिबीत होतो. माणसाचा भार पेलायला नायलॉनचा दोर बरा. तो ताणतो आणि हिसका पोटात घेतो.

आता गाठीचे. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली एक गाठ छापून प्रसिद्ध केली. ती आपल्याही कामाची आहे. आधी सुतळीला वजन बांधून फेका आणि तिच्यामागे मुख्य दोर बुंध्याजवळच्या जाड बेचक्यातून ओढून घ्या. एक टोक बुंध्याला पक्के बांधा, दुसरे सरळ खाली सोडा. या लोंबत्या दोराभोवती बारीक दोरीच्या वळ्याचे तीन वेढे त्याच वळ्यातून काढून घ्यायचे. मुख्य दोर १२ मिलिमीटर असेल तर दोरी ८ ची. दोन्ही सारख्या जाडीच्या असतील तर गाठ धरत नाही. वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत, एकावर एक नकोत. भार नसला की गाठ हाताने वर सरकते, भार पडला की आवळून जागीच थांबते. पडताना घाबरून गाठच मुठीत धरली, तर ती आवळत नाही, माणसासोबत खाली घसरते. ही चूक फार होते. चिखलाने माखलेल्या दोरावरही भरवसा नको.

वळे कमरेच्या दोराला अडकवू नका. नुसत्या कमरेवर लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. खांबावर चढणारे वायरमन घालतात तसा, मांड्यांतून पट्टे जाणारा, आयएसआय शिक्क्याचा पट्टा घ्या. आणि पहिले आठ दिवस निंबाच्या खालच्या फांदीवर, जमिनीपासून हातभर उंचीवरच शिका.

झाडाचा दोर वेगळा ठेवा. त्यानेच रुतलेली गाडी ओढायची, त्यानेच विहिरीतली मोटर काढायची, हे आपल्याकडे सर्रास चालते. दोराला मनातल्या मनात माफी मागून आपण पुन्हा झाडावर जातो! चढण्याआधी पूर्ण दोर वीत-वीत हातातून जाऊ द्या. पीळ उलगडून पेडांच्या आत पाहा. बाहेरून धड दिसणाऱ्या दोरात वाळूचे कण बसून धागे कापत असतात. घासून काच आल्यासारखी चमक, कडकपणा, उंदराने कुरतडलेली जागा दिसली, की तो दोर गुरांना द्या. मळला तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ किंवा फवारणीच्या औषधाशेजारी ठेवू नका. बॅटरीच्या तेजाबाने नायलॉन मरतो आणि वरून काही कळत नाही.

वीजतारेजवळच्या झाडावर तर दोर असला तरी चढू नये.

एवढे करूनही कोणी उंचावरून पडून दगावला किंवा कायमचा अधू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मदत मिळते. मृत्यू झाल्यास ती दोन लाखांची. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. सातबारा आणि पोलिसांचा पंचनामा जवळ ठेवा, उशीर लावू नका.