सांधे उघडे ठेवणारं शहर

फ्रान्सच्या पश्चिमेला, लोआर नदीच्या पात्रातल्या एका बेटावर, जुन्या जहाज-कारखान्याच्या छपराखालून एक हत्ती बाहेर पडतो. उंची १२ मीटर, लांबी २१ मीटर, वजन ४८ टनांहून थोडं जास्त. पोलादाचा सांगाडा आणि वर कोरीव लाकडाची कातडी. तो पापण्यांची उघडझाप करतो, चामड्याचे कान हलवतो, मान वळवून गर्दीकडे बघतो आणि पुढे घुसलेल्या मुलांवर सोंडेतून पाण्याचा फवारा सोडतो. मुलं ओरडत पांगतात आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहतात. त्याच्या पोटातल्या दिवाणखान्यात आणि पाठीवरच्या गच्चीत मिळून एका वेळी सुमारे पन्नास माणसं मावतात. चाल ताशी एक ते तीन किलोमीटर. अर्ध्या तासाच्या त्याच्या फेरीबरोबर चालत राहणारी माणसं वर बसलेल्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात.

शहराचं नाव नांत. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आसपास. शनिवार-रविवार जोडून दोन-तीन दिवस कलेसाठी काढावेत असं हे शहर आहे, आणि ते समजून घ्यायची सुरुवात या हत्तीपासूनच करावी असं मी आग्रहानं सांगेन.

हत्तीजवळ उभं राहिलं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती त्याची रचना. त्याच्या अंगात ६२ सिलिंडर आहेत, त्यांतले ४६ तेलाच्या दाबावर चालतात. सोंड वळते तेव्हा तिच्यातले दट्टे पुढे-मागे सरकताना दिसतात. गुडघा वाकतो तेव्हा बिजागरी दिसते, तिला जोडलेल्या नळ्या दिसतात. चालक आणि सोंड हाताळणारे कारागीरही लपलेले नाहीत. भार पेलायला खाली चाकं आहेत, तीही कुणी पडद्यानं झाकलेली नाहीत. ट्यूलिप झाडाच्या लाकडाचे तुकडे एकमेकांवर असे बसवले आहेत की त्यांच्या फटींतून आतलं यंत्र सतत डोकावत राहतं. सुरुवातीला ४५० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं, पुढे त्याच्या जोडीला वीज आली. हे सगळं लख्ख दिसत असूनही पापणी मिटते त्या क्षणी समोर प्राणीच उभा असतो. यंत्र उघडं ठेवल्यानं जादू कमी होत नाही, उलट वाढते. मला नांत हे सारं शहरच याच रीतीनं बांधलेलं वाटतं.

या छपरांखाली पूर्वी जहाजं घडत. नांतची जहाजबांधणी काही शतकांची. विसाव्या शतकात बेटाच्या पश्चिम टोकावर पत्रे कापण्याचा, रिव्हेट ठोकण्याचा आणि वेल्डिंगचा आवाज दिवसभर घुमत असे. द्युबिझों हा इथला शेवटचा मोठा कारखाना. तो १९८७मध्ये बंद पडला. हजारो घरांची चूल ज्या कामावर पेटत होती ते काम संपलं आणि शहराच्या मधोमध ओसाड जमीन, रिकामी छपरं आणि पिवळ्या रंगाची एक प्रचंड क्रेन उरली. ती क्रेन भंगारात जाऊ नये म्हणून जुने कामगार झगडले. आज ती जागेवर उभी आहे. कारखान्याच्या कचेरीच्या इमारतीत कामगारांच्या आठवणी, अवजारं आणि कसब जपणारी संस्थाही आहे. हत्तीची गोष्ट सांगताना हे कामगार आधी सांगायला हवेत. ओतकाम, वेल्डिंग, सुतारकाम आणि जोडारीचं काम या शहराच्या हातांत मुरलेलं नसतं, तर हा हत्ती इथे इतका शोभला नसता.

कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षांनी ज्याँ-मार्क एरो महापौर झाले आणि २०१२पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या काळात नांतनं एक धाडसी निर्णय घेतला: शहर पुन्हा उभं करायचं ते कलेच्या आधारानं, आणि ही कला रस्त्यावर असेल. ज्याँ ब्लेझ या संयोजकाकडे सूत्रं आली. १९९०पासून त्यांनी एक महोत्सव भरवला. दरवर्षी जगातलं एक शहर निवडायचं आणि सहा रात्री, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, तिथल्या कलावंतांना नांतभर मोकळं सोडायचं. बार्सिलोना, सेंट पीटर्सबर्ग, ब्वेनोस आयरेस, नेपल्स, कैरो अशी शहरं येऊन गेली. गोदामं, कारखाने, बंद इमारती रंगमंच झाल्या. लोकांनी आपलंच शहर रात्री नव्यानं पाहिलं. पुढे २००० सालच्या पहिल्या दिवशी ‘ल्यू’ बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात कलाकेंद्र सुरू झालं. वास्तुकार पात्रिक बुशें यांनी भिंतींवरच्या कारखान्याच्या खुणा तशाच राहू दिल्या.

याच काळात ‘रॉयाल द ल्युक्स’ ही रस्त्यावर नाटक करणारी मंडळी नांतला येऊन स्थिरावली. राक्षसी आकाराच्या बाहुल्या दोरखंडांनी ओढत चालवायच्या, गावच्या गाव त्यांच्यामागे चालायला लावायचं, ही त्यांची रीत. त्यांची यंत्रं घडवणारे फ्रांस्वा दलारोझियेर हेच पुढे हत्तीचे जनक ठरले.

आता हत्तीच का, हे सांगतो. हा धागा थेट आपल्याकडे येतो.

ज्यूल व्हर्न यांचा जन्म १८२८मध्ये नांतमध्येच, फेदो बेटावर झाला. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे मराठी मुलांच्या काही पिढ्यांना व्हर्न घरचाच वाटत आला आहे. पण त्यांच्या एका कादंबरीकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. १८८०च्या ‘वाफेवरचं घर’ या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करतो. कथेची सुरुवात होते ती १८६७ सालच्या औरंगाबादेत. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम जाहीर झालेलं आहे आणि ते वेरूळच्या लेण्यांत आश्रयाला आले आहेत, अशी कल्पना व्हर्न यांनी केली. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नव्हता. इंग्रजांच्या बाजूनं लिहिलेल्या वृत्तांतांवर ते विसंबले आणि त्यांचे नानासाहेब खलनायक झाले. मराठी वाचकाला हे टोचतं आणि टोचायलाच हवं. मात्र याच लेखकाचा कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आहे, १८५७च्या उठावात लढलेला, आणि व्हर्न यांनी त्याला जिवाभावानं रंगवला आहे.

व्हर्न यांच्या मृत्यूला २००५मध्ये शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं ‘रॉयाल द ल्युक्स’नं नांतच्या रस्त्यांवर एक प्रचंड हत्ती उतरवला. काळातून प्रवास करणारा हत्ती आणि त्यावरून आलेला हिंदुस्थानचा सुलतान, अशी ती गोष्ट होती. पुढच्या वर्षी तो लंडनलाही गेला. त्याच वेळी दलारोझियेर आणि पिएर ओरेफिस हे दोघं शहरासाठी कायमच्या हत्तीची तयारी करत होते. २००७च्या उन्हाळ्यात ‘बेटावरची यंत्रं’ या नावाची संस्था जहाज-कारखान्याच्या छपरांखाली सुरू झाली आणि हत्ती तिचा चेहरा झाला.

या संस्थेचं हृदय म्हणजे तिथली कार्यशाळा. वरच्या पुलावरून प्रेक्षकांना ती बघता येते. खाली लाकूड कोरलं जातं, पोलाद जोडलं जातं, नळ्या बसवल्या जातात. प्रत्येक यंत्राची सुरुवात दलारोझियेर यांच्या हातच्या रेखाटनातून होते. प्राणी कसा चालतो, मान कुठून वळते, पंख कोणत्या क्षणी उचलतो, याचा अभ्यास आधी आणि यंत्राचा आराखडा नंतर. शेजारच्या दालनात महाकाय मुंगी, कोळी आणि बगळा आहेत. तिथे कारागीर नुसतं प्रात्यक्षिक दाखवून थांबत नाहीत, प्रेक्षकांतल्या कुणालातरी बोलावून यंत्रावर बसवतात आणि दांडे हातात देतात. नदीकाठी २०१२पासून समुद्री विश्वाचा तीन मजली फिरता पाळणा आहे. सुमारे २५ मीटर उंच. तळाशी समुद्रतळावरचे जीव, मधल्या मजल्यावर मासे, वरती लाटांवरच्या होड्या. ज्यानं-त्यानं आपल्या प्राण्याचे डोळे, शेपूट, कल्ले स्वतः हलवायचे. बसणारा इथे चालकही होतो.

सगळं साधलंच असं नाही. बगळ्यांचं झाड हे या मंडळींचं पुढचं स्वप्न होतं. जुन्या दगडखाणीत पोलादाचं अवाढव्य झाड, फांद्यांवर बागा, शेंड्यावर माणसांना घेऊन फिरणारे दोन बगळे. त्याची नमुन्याची एक फांदी आजही संस्थेच्या आवारात आहे. पण खर्चाचा मूळ साडेतीन कोटी युरोंचा अंदाज आठ कोटींच्या पुढे गेला आणि २०२२मध्ये महापौर योहाना रोलां यांनी योजना रद्द केली. मला हे स्वप्न मोडल्याचं दुःख आहे, तरी तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. लोकांच्या पैशातून उभी राहणारी कला लोकांच्या हिशोबाला बांधलेली असते. हत्ती या शहराचा आहे, कारण त्याचा खर्च शहरानं सोसला आणि त्यावर उघड वादही घातला.

हत्तीपासून पूल ओलांडून फॉस धक्क्यावर गेलं की शहराचा सगळ्यात अवघड सांधा समोर येतो. अठराव्या शतकात नांत हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं सगळ्यात मोठं बंदर होतं. इथून जहाजांच्या सतराशेहून अधिक मोहिमा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाल्या. या जहाजांनी सुमारे साडेपाच लाख माणसं तिथे विकत घेऊन, पुन्हा विकण्यासाठी अटलांटिकपार नेली. फेदो बेटावरचे जहाजमालकांचे देखणे वाडे त्याच पैशाचे. वाळूवर बांधल्यानं ते आज कलले आहेत. दारा-खिडक्यांवरच्या कोरीव मुखवट्यांत आफ्रिकी चेहरेही दिसतात.

हा इतिहास कित्येक पिढ्या कुजबुजण्यापुरता उरला होता. १९९२मध्ये शहरातल्या ड्यूकच्या किल्ल्यात त्यावर मोठं प्रदर्शन भरलं आणि २०१२मध्ये धक्क्यावर स्मारक उभं राहिलं. क्षिश्तॉफ व्होदिच्को आणि जुलियन बाँडर यांनी ते रचलं. वरच्या फरसबंदीत काचेच्या दोन हजार पट्ट्या बसवल्या आहेत. त्यांतल्या १,७१० पट्ट्यांवर नांतहून निघालेल्या जहाजांची नावं आणि निघाल्याच्या तारखा आहेत, उरलेल्यांवर बंदरं आणि व्यापारी ठाणी. चालताना पायाखाली एकेक नाव येत जातं. मग जिना उतरून पाण्याच्या पातळीजवळच्या लांबट भुयारी मार्गात जायचं, जिथे वेगवेगळ्या भाषांत स्वातंत्र्य हा शब्द लिहिलेला आहे.

इथेही आपला एक धागा आहे. या जहाजांतून आफ्रिकेत माणसांच्या मोबदल्यात जो माल जाई, त्यात हिंदुस्थानी रंगीत सुती कापडाचा मोठा वाटा होता. फ्रान्सनं १६८६मध्ये अशा छापील कापडावर बंदी घातली होती. ती १७५९मध्ये उठली आणि मग नांतमध्येच हिंदुस्थानी नमुन्यांच्या नकला छापणारे कारखाने निघाले. किल्ल्यातल्या संग्रहालयात हे कापड बघायला मिळतं. आपल्या विणकरांच्या आणि रंगाऱ्यांच्या कौशल्याचा आपल्याला अभिमान असतो. त्याच कापडाचे ठाण कुठे आणि कशासाठी उलगडले गेले, हे त्या कपाटासमोर उभं राहिल्यावर कळतं.

जायचं ठरवलं तर बेत सोपा आहे. पहिल्या दिवशी किल्ला, त्यातलं संग्रहालय आणि जवळचं बिस्किट कारखान्यातलं कलाकेंद्र. तिथून जमिनीवर रंगवलेली हिरवी रेघ धरावी. शहरातल्या कलाकृतींना जोडत ती सगळीकडे घेऊन जाते. वाटेत पॉमेरे पॅसेज लागतो. १८४३चा हा तीन पातळ्यांचा, काचेच्या छपराचा बाजार. नांतमध्ये वाढलेल्या झाक देमी यांनी १९६१च्या ‘लोला’ चित्रपटात तो अमर केला. दुसऱ्या दिवशी ट्रामनं जहाज-कारखान्याच्या थांब्यावर उतरावं, हत्ती, कार्यशाळा, पाळणा बघावा आणि बेटाच्या टोकापर्यंत चालत जावं. तिथे दानिएल ब्युरें आणि बुशें यांनी नदीकाठी उभी केलेली १८ वर्तुळं रात्री रंगीत दिव्यांनी उजळतात. हत्तीची तिकिटं आधी चौकशी करून घ्यावीत. वर्षाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी यंत्रं काही आठवडे बंद असतात. बदाम, लोणी आणि रमचा नांतचा केक जरूर खावा. त्यातली साखर आणि रम या बंदरात कोणत्या वाटेनं आली, हे तोवर कळलेलं असेल.

शेवटी एक आग्रह. वेळ कमी पडला तर लोक हत्ती बघतात आणि स्मारक सोडून देतात. तसं करू नये. हत्ती, किल्ला आणि स्मारक या तिन्हींचा कारभार आज एकाच सार्वजनिक संस्थेकडे आहे, आणि ती सोय नुसती कागदोपत्री राहिलेली नाही. मुलांना हसवणारी जागा आणि मोठ्यांना मान खाली घालायला लावणारी जागा शहरानं एकाच जबाबदारीनं सांभाळली आहे. बंद पडलेल्या कारखान्याची लाज वाटून नांतनं तो पाडून टाकला नाही आणि पापातून आलेल्या श्रीमंतीवर पुतळे उभारून ती झाकलीही नाही. जे शहर आपल्या हातांचं कसब आणि आपल्या हातून झालेला अन्याय, दोन्ही उजेडात ठेवतं, त्याच्या कलेवर विश्वास ठेवता येतो. कलेचं शहर म्हणवून घ्यायचं असेल तर एवढी हिंमत हवी.