आपला नंबर शोधणारा वाचक

इंटरॅक्टिव्ह बातमीचा इतिहास सांगायला बसलेले बहुतेक जण सुरुवात डिसेंबर २०१२ पासून करतात, आणि तिथेच माझा त्यांच्याशी पहिला वाद आहे. त्या महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘स्नो फॉल’ प्रसिद्ध केलं. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतरांगेत, टनेल क्रीक इथे त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला झालेल्या हिमस्खलनात तिघांचा मृत्यू झाला होता. जॉन ब्रँच यांनी त्याची हकीकत सहा भागांत लिहिली. पानावर वारा बर्फ उडवतो, डोंगर डोळ्यांपुढे फिरतो, मजकूर वर सरकेल तसे नकाशे जागे होतात. पुढच्या वर्षी तिला फीचर लेखनाचं पुलित्झर मिळालं आणि देशोदेशींच्या संपादकीय बैठकांत ‘याचं स्नो फॉल करता येईल का’ असं विचारलं जाऊ लागलं. ब्रँच यांचं लेखन पहिल्या प्रतीचं आहे, आणि पुलित्झर मुळात त्या लेखनाला होतं. पण वाचक त्या पानावर करतो काय? फक्त पान सरकवतो. सिअॅटलच्या वाचकाला आणि सांगलीच्या वाचकाला तीच गोष्ट त्याच क्रमाने मिळते. हे देखणं सचित्र वाचन झालं. इंटरॅक्टिव्ह बातमी निराळी असते. तिच्यात वाचक स्वतःचं काहीतरी घालतो, मग ते राहतं ठिकाण असेल, मनातला अंदाज असेल किंवा बातमीदाराला न सुचलेला प्रश्न असेल. आणि त्यानंतर बातमी जे सांगते ते त्याच्यापुरतं असतं.

मराठी वाचकाला ही गोष्ट मुळीच परकी नाही. शालान्त परीक्षेच्या निकालाचे नंबर वर्तमानपत्रात छापून येत, तेव्हा तो अंक कसा वाचला जाई ते आठवून पाहावं. कुणी पहिल्या रकान्यापासून वाचत नसे. बोट आकड्यांवरून उतरत जाई, आपल्या नंबरापाशी थबके, आणि नंबर तिथे नसेल तरीही बातमी कळलेली असे. लॉटरीच्या निकालाचंही तसंच. त्या पानाला शैली नव्हती, मथळ्यात कल्पकता नव्हती, तरी एकाच पानात जितकी घरं तितक्या बातम्या होत्या. माझ्या मते इंटरॅक्टिव्ह पत्रकारितेचं मूळ सिनेमात शोधण्यापेक्षा या निकालाच्या पानात शोधावं.

त्या पानाचा खरा वारस २००५ मध्ये शिकागोत जन्मला. एड्रियन होलोव्हाटी या पत्रकार-प्रोग्रॅमरने शहर पोलिसांनी प्रसिद्ध केलेल्या गुन्ह्यांच्या नोंदी उचलल्या, नुकत्याच आलेल्या गूगल मॅप्सवर बसवल्या आणि ‘शिकागोक्राइम’ ही साइट उघडली. गुन्ह्याचा प्रकार, रस्ता, पोलिसांची बीट, दिवसाची वेळ, कुठल्याही बाजूने शिरा. घर घ्यायच्या विचारात असलेली बाई आणि रात्रपाळीहून परतणारा कामगार एकाच साठ्यातून दोन वेगळ्या बातम्या घेऊन जात. पुढच्या वर्षी होलोव्हाटींनी एक निबंध लिहिला आणि वर्तमानपत्रांच्या सवयीवरच बोट ठेवलं. त्यांचं उदाहरण आगीच्या बातमीचं होतं. बातमीदार आगीची तारीख, वेळ, जागा, बळी, बंब पोचायला लागलेला वेळ, अग्निशमन केंद्राचं अंतर हे सगळं गोळा करतो आणि मग ते परिच्छेदात विरघळवून टाकतो. दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच पुन्हा वापरता येत नाही. हेच तपशील रकान्यांत ठेवले असते तर वर्षाअखेरीस कुठल्या भागात बंब उशिरा पोचतात हा प्रश्न कुणालाही विचारता आला असता. बातमी म्हणजे निबंधही आहे आणि नोंदही आहे, हा विचार इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. ज्या साधनाने असे साठे झटपट उभे करता येतात ते ‘जँगो’सुद्धा कॅन्ससमधल्या लॉरेन्स या छोट्या गावच्या वृत्तपत्रात, होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांच्या हातून घडलं. आज जगभरच्या साइट्स त्यावर चालतात. मोठ्या वृत्तपत्रांच्या कौतुकात ही गोष्ट नेहमी मागे पडते.

हेच विलिसन २००९ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये होते. ब्रिटिश खासदारांच्या खर्चाचं प्रकरण ‘टेलिग्राफ’ने फोडलं होतं, कागद त्यांच्याच हाती होते. जूनमध्ये संसदेनेच पावत्या खुल्या केल्या. एकूण ४,५८,८३२ पानं, आणि बरीचशी काळ्या शाईने झाकलेली. कुठल्याही न्यूजरूमला हा ढीग वाचता आला नसता. ‘गार्डियन’ने जेमतेम आठवड्यात एक पान बांधलं आणि ढीग वाचकांपुढे ठेवला. पावती पाहा आणि सांगा, हिच्यात काही नाही, काही आहे, आहे पण माहीत असलेलं, की तपास करायलाच हवा. पहिल्या ८० तासांत १,७०,००० पानं पाहून झाली. पानावर आलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांनी प्रत्यक्ष काम केलं. या आकड्यापाशी मी मुद्दाम थांबतो, कारण पुढच्या वादात तो लागणार आहे. लोक आले ते आपल्या खासदाराने आपल्या पैशातून काय घेतलं ते पाहायला. आपला नंबर शोधणारं बोटच पुन्हा एकदा कामाला लागलं होतं.

फ्लॅश सॉफ्टवेअरच्या काळातली चकचकीत ग्राफिक्स आणि नंतरची ‘वेब डॉक्युमेंटरी’ यांच्यावरून मी लवकर पुढे सरकतो. त्यांतलं बरंचसं निर्मात्याला सुखावणारं होतं. त्यापेक्षा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्याच दोन साध्या कामांचं मोल मला जास्त वाटतं. डिसेंबर २०१३ मध्ये जॉश कॅट्झ आणि विल्सन अँड्र्यूज यांनी अमेरिकी बोलींवर २५ प्रश्न विचारले. अमुक वस्तूला तुम्ही काय म्हणता? उत्तरं दिली की तुमची बोली कुठल्या शहरांशी जुळते तो नकाशा समोर येई. वर्ष संपायला जेमतेम दहा दिवस उरलेले असताना आलेलं हे काम त्या वृत्तपत्राचं त्या वर्षीचं सर्वाधिक पाहिलं गेलेलं पान ठरलं. दुसरं मे २०१५ चं. आईबापांच्या उत्पन्नाबरोबर मुलांची कॉलेजात जाण्याची शक्यता कशी बदलते? आलेख रिकामा होता. आधी तुमची रेघ तुम्ही काढा, मगच खरी दिसेल. खरी रेघ जवळजवळ सरळ निघते, गरिबापासून श्रीमंतापर्यंत पायरी पायरीने चढत जाणारी. बहुतेकांनी वाकडी काढलेली असते, आणि आपली चूक शेजारीच दिसत असताना ती सरळ रेघ विसरता येत नाही. हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या किम, राइनेके आणि हलमन यांनी प्रयोग करून दाखवलं की आधी स्वतःचा अंदाज काढायला लावलेल्या लोकांना आकडेवारी अधिक चांगली आठवते.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप ‘टाइम्स’चेच ग्राफिक्स संपादक आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये मांडला. वाचकाला फक्त सरकवायचं असतं, आणि त्याला क्लिक करायला लावलंत तर त्या क्लिकनंतर काहीतरी विलक्षण घडलं पाहिजे. अनुभवाचे बोल आहेत, आणि बहुतेक बटणांबाबत खरेही आहेत. पण त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी पहिला अर्धा नियम पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. ‘लोक क्लिक करत नाहीत’ हे वाक्य आज काम टाळण्याचा परवाना झालं आहे. ५६ टक्के लोकांनी पावत्या तपासल्या, लाखोंनी २५ प्रश्नांची उत्तरं दिली. लेखकाने झाकून ठेवलेला मजकूर उघडण्यासाठी लोक क्लिक करत नाहीत, आणि का करावं? स्वतःबद्दल काही कळणार असेल तर करतात. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मार्च २०२० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी हॅरी स्टीव्हन्स यांनी उड्या मारणाऱ्या ठिपक्यांतून साथ कशी पसरते ते दाखवलं. वाचकाला त्यात करण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं, तरी ते त्या वृत्तपत्राच्या साइटवरचं सर्वाधिक वाचलं गेलेलं काम ठरलं. तिथे प्रश्न सर्वांचा एकच होता, म्हणून उत्तरही एकच पुरलं. जिथे प्रश्न घरागणिक वेगळा असतो तिथे ही रीत पुरत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. साठा खुला केला की वाचक चुकीचा अर्थ काढेल आणि त्याचा फटका माणसांना बसेल. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेने २०१५ मध्ये आठ शस्त्रक्रियांसाठी सुमारे १७,००० सर्जनांच्या रुग्णांत नंतर गुंतागुंत होण्याचं प्रमाण नावानिशी शोधता येईल असं मांडलं. काही महिन्यांत ‘रँड’ या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी त्या पद्धतीवर कडक टीका केली, ‘प्रोपब्लिका’ने जाहीर उत्तर दिलं. टीकेतले काही मुद्दे मला पटतात. पण पद्धत आणि तक्ता दोन्ही उघड होते, म्हणूनच ती टीका इतकी नेमकी होऊ शकली. परिच्छेदात दडवलेल्या चुकीवर असा वाद घालताच येत नाही. याउलट बीबीसीने त्याच वर्षी सीरियातून पळणाऱ्या निर्वासिताचा मार्ग वाचकाला ‘निवडायला’ लावला, तेव्हा दुःखाचा खेळ केल्याचा आरोप झाला, आणि तो मला रास्त वाटतो. तिथे वाचक स्वतःचं खरं काहीच घालत नव्हता, दुसऱ्याच्या संकटात बसून बटणं दाबत होता.

आणि आपल्याकडे? सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराची संपत्ती आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रात येऊ लागले. ते मतदारसंघवार शोधता येतील असे मांडले ते ‘एडीआर’ या संस्थेने, वृत्तपत्रांनी नव्हे. करोनाच्या काळात जिल्हावार आकडे रोज सरकारी पत्रकांतून वेचून मांडले ते ‘कोविड१९इंडिया’च्या स्वयंसेवकांनी, आणि वर्तमानपत्रांनी ते उद्धृत केले. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांचा निकाल आजही पुष्कळदा चित्र म्हणून चिकटवला जातो, त्यात शोधायची सोय नसते. मतदान केंद्रवार मतं देणारा नमुना २० सार्वजनिक असतो. महाराष्ट्रात अशी केंद्रं लाखाच्या आसपास आहेत. आपल्या शाळेतल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे गावातल्या माणसाला एका शोधात दिसावं, एवढं साधं काम एखाद्या मराठी वृत्तपत्राने कायमचं म्हणून हाती घ्यायला हवं होतं. यावर सांगितलं जातं की केंद्रवार आकडे उघड झाले की नेते गावावर सूड घेतात. भीती खरी आहे. त्यासाठीच अनेक यंत्रांतली मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र आणावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला होता. पण जोवर ते आलेलं नाही तोवर नेत्यांच्या कार्यकर्त्यांकडे हे आकडे मोजणीच्या दुपारीच असतात. सहजी मिळत नाहीत ते मतदारालाच.

राहिला टिकाऊपणाचा प्रश्न, आणि इथे मला काळजी वाटते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश संपलं आणि दीड दशकाची ग्राफिक्स मुकी झाली. कोलोरॅडोत १९६१ मध्ये शाळेची बस रेल्वेखाली सापडून २० मुलं गेली. त्यावर ‘रॉकी माउंटन न्यूज’ने २००७ मध्ये ३४ भागांची मालिका केली. २००९ मध्ये वृत्तपत्र बंद पडलं, पुढे मालिकाही वेबवरून नाहीशी झाली, आणि लेखक केविन वॉन यांना ती पुन्हा उभी करावी लागली. शिकागोच्या नकाशातून वाढलेलं ‘एव्हरीब्लॉक’ मालकांनी २०१३ मध्ये एका दिवसात बंद केलं. अशा पडझडीत देखणेपण आधी जातं. टिकतो तो साधा तक्ता, ओळी आणि रकाने. ‘कोविड१९इंडिया’ने ३१ ऑक्टोबर २०२१ ला काम थांबवलं, पण जाताना फायली खुल्या ठेवल्या. त्यात सोलापूर घाला, एप्रिल २०२१ मधली एखादी तारीख घाला. त्या दिवसाची ओळ निघते.