सहीपूर्वी गहाणखत वाचा

गाठीला चार पैसे जमले की एखादे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातूनच बँकेचा हप्ता फेडावा, असा बेत हल्ली आमच्या व्यापारी व नोकरपेशा मंडळींत सर्रास ऐकू येतो. बेत वाईट नाही. परंतु जो गृहस्थ साखरेच्या पोत्यामागे दोन रुपयांची घासाघीस अर्धा तास करतो, तोच तीस लाखांच्या गहाणाच्या कागदांवर कारकून बोट ठेवील तेथे तेथे मुकाट्याने सह्या करीत सुटतो, हे पाहून आम्हांस विस्मय वाटतो.

न वाचलेल्या कागदाचा परिणाम महाराष्ट्राने पूर्वी भोगलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला, तेव्हा त्याचा मुख्य रोख खतांवर व चोपड्यांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. पुढे १८७९ च्या कायद्याने खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला. आजचा धनको तो सावकार नव्हे, आणि आजचा ऋणको निरक्षरही नव्हे. मग अक्षरओळख असून कागद न वाचणाऱ्यास कोणत्या कायद्याने तारावे?

हिशेबच पाहा. समजा, चाळीस लाखांच्या घरासाठी तीस लाखांचे कर्ज, व्याज शेकडा नऊ, मुदत वीस वर्षे. हप्ता सुमारे २६,९९२ रुपये पडतो. त्यांपैकी पहिल्या महिन्यात २२,५०० रुपये निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल अवघे साडेचार हजारांनी उतरते. पाच वर्षे बिनचूक हप्ते भरून सव्वासोळा लाखांच्या आसपास रक्कम दिल्यावरही मुद्दलापैकी सुमारे २६ लाख ६० हजार डोक्यावर शिल्लक राहतात. दर एक टक्क्याने वाढला तर हप्त्यात जवळजवळ दोन हजारांची भर पडते. बँक हप्ता न वाढविता मुदत वाढवील, तर ऋणकोस ते कित्येक महिने कळतही नाही. आता असे घर महिना बारा हजारांनी भाड्याने गेले असे धरा. उरलेले पंधरा हजार दरमहा खिशातून गेले. शिवाय घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि भाडेकरूवाचून गेलेले महिने वेगळेच. मुद्रांक व नोंदणीचा खर्चही बहुधा कर्जात मिळत नाही. ज्याच्या दुकानाची उलाढाल दिवाळीला फुगते व आषाढात आटते, त्याने निदान सहा हप्त्यांची रक्कम बाजूस ठेवल्याशिवाय या फंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण तीन महिने हप्ता थकला की खाते बुडीत वर्गात जाते आणि २००२ च्या कायद्यान्वये बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, गहाण मिळकतीचा ताबा घेऊ शकते.

मिळकतीच्या हक्काविषयीही तीच बेफिकिरी. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर आपले होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले; तरी तसे व्यवहार चालूच आहेत. नोंदणी कार्यालयात मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः पाहावी, आणि शेतजमीन असेल तर १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास ती सहसा घेता येत नाही हे विसरू नये. बांधकाम अपुरे असेल तर नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या कायद्याने बिल्डरास बंदी आहे. या कामी वकिलास चार पैसे द्यावे लागतात. (आम्ही त्याच धंद्यातले, तेव्हा वाचकांनी हवे तर हे स्वार्थाचे बोलणे समजावे.) बँकेचा वकील कागद पाहतो खरा, पण तो बँकेसाठी पाहतो. घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्यास राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. ती घेण्यास कित्येक पुरुषांचा हात का आखडतो, हे सांगणे नलगे.

कोणी म्हणेल, कागद इंग्रजीत असतात, सामान्य माणसाने वाचावे कसे? तक्रार रास्त आहे. परंतु रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांस असा नियम लावला आहे की, कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरणपत्र ऋणकोस समजेल त्या भाषेत द्यावे व ते समजावूनही सांगावे. सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. पुण्याच्या, सोलापुराच्या, जळगावच्या शाखेत जाऊन हे पत्रक मराठीत मागणारे किती निघतील? मागितल्याशिवाय ते आपोआप हाती पडेल असा भरवसा आम्हांस नाही. व्यापारी मंडळांनी व गृहनिर्माण संस्थांनी आपल्या सभासदांकरवी ही मागणी लेखी करवावी, आणि टाळाटाळ झाल्यास त्या पत्राची पोच घेऊन बँकिंग लोकपालाकडे तक्रार न्यावी.

हाती जादा रक्कम आली तर ती मुद्दलात भरावी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. कर्ज पुरे फिटल्यावर मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई तिने द्यावयाची आहे, हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. यासाठी सुरुवातीस बँकेच्या हवाली केलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून तीवर शाखाधिकाऱ्याची सही व शिक्का त्याच दिवशी घेऊन ठेवावा.